नणंदही मीच, भावजयही मीच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात मागे एका निवृत्त गृहस्थांचं पत्र आलं होतं. बहिणींना कायद्यानं हिस्सा मिळाला आणि घराघरातली भाऊबीज संपली, असं त्यांचं म्हणणं. पत्र नीट लिहिलेलं होतं. त्यात भाऊ होता, बहीण होती, वारलेले वडील होते, वकीलही होता. भावजय मात्र एकाच वाक्यात आली, तीही 'कान भरणारी' म्हणून. मी भावजय आहे, म्हणून लिहायला बसले. पत्र लांबेल, कात्री तुमच्या हातात आहे.

मी कोरेगाव तालुक्यात, वसना नदीच्या काठच्या एका गावात पिठाची गिरणी चालवते. बावीस वर्षं झाली. दळण होईपर्यंत बाई हलत नाही आणि मोटारीच्या आवाजात ओरडून बोलावं लागतं, त्यामुळे गिरणीत गुपित असं काही राहत नाही. त्या पत्राचा विषयही निघाला. एक बाई ज्वारी चाळता चाळता म्हणाली, "आमच्या नणंदेनं हिस्सा मागितला की हो. लग्नात एवढं दिलं, दोन बाळंतपणं केली, लाज कशी वाटली नाही?" सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्वारी उतरली, गव्हाचा डबा लागला, तोवर तीच बाई तिच्या माहेरी पोचली होती. "भावानं गोड बोलून माझी सही घेतली. आता दारात गेलं तर वहिनी विचारते, चहा करू का? करू का म्हणून विचारतात का कुणी?" पुन्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्वारी आणि गहू यांच्यामध्ये पाच मिनिटंही गेली नसतील. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी हसले नाही, कारण हेच मी स्वतः बरीच वर्षं केलेलं आहे.

माझं माहेर माण तालुक्यातलं. लग्न १९९१ च्या मे महिन्यात झालं. वडील २००८ साली गेले. जमीन साडेपाच एकर, बहुतेक जिरायत, बाजरी-मटकीची. त्यातलं एक एकर तेवढं रस्त्याला लागून. पुढच्या वर्षी भाऊ आम्हा दोघी बहिणींना जीप करून तालुक्याला घेऊन गेला. कागद करणारा माणूस फार अदबीनं बोलत होता. म्हणाला, "ताई, तुमचं लग्न चौऱ्याण्णवच्या आधीचं. तुम्हाला तसा हक्क नाहीच. ही सही आपली नावापुरती, सातबारा साफ व्हावा म्हणून." मी बारावी झालेली बाई. हक्क नाहीच तर सोडायचा काय, एवढंसुद्धा मी विचारलं नाही. सही केली, अंगठा उठवला. भावानं आम्हाला मिसळ खायला घातली, एकेक साडी घेतली. माझी हिरवी होती. धुतल्यावर रंग गेला, तो भाग सोडून देऊ.

तो माणूस खोटं बोलला की त्यालाच अर्धवट माहीत होतं, कोण जाणे. चौऱ्याण्णवचं त्याचं म्हणणं हवेतून आलेलं नव्हतं. आपल्या महाराष्ट्रानं २२ जून १९९४ पासून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. पुढे ९ सप्टेंबर २००५ पासून दिल्लीचा कायदा बदलला आणि त्यात लग्नाची ही अट राहिली नाही. माझे वडील तर त्यानंतर तीन वर्षांनी गेले. शिवाय वडिलांच्या स्वतःच्या वाट्यात मुलींना मुलांच्या बरोबरीनं वारसा १९५६ पासूनच आहे. म्हणजे २००९ साली त्या टेबलावर मी जे सोडलं, ते चांगलं भरभक्कम होतं. हे मला कळलं ११ ऑगस्ट २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची बातमी पेपरात वाचली तेव्हा. वडील २००५ साली हयात असोत नसोत, मुलीचा हक्क जन्मापासूनचा, असा तो निकाल. कोरोनाचे दिवस, तोंडाला रुमाल बांधून दळत होते. बातमी दोनदा वाचली आणि पेपर पिठाच्या डब्याखाली सरकवून ठेवला. ह्यांच्या हाती लागू नये म्हणून. का ते पुढे सांगते.

त्याआधी भावाचं एक राहिलं. सही झाल्यावर पाच वर्षांनी त्यानं रस्त्याकडचं एक एकर विकलं. मला कळलं दहिवडीच्या एसटी स्टँडवर, आमच्या गावच्या एका बाईकडून. "तुला माहीत नव्हतं व्हय?" असं तिनं विचारलं, तेव्हा मी म्हणाले, "होतं की." मला पैसे नको होते, नुसतं सांगायला हवं होतं, असं मी लोकांना सांगते. खरं म्हणाल तर पैसेही चालले असते. त्याच वर्षी गिरणीची मोटार जळाली होती आणि मी बचत गटाचं कर्ज काढलं होतं.

आता सासर. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात आणि माझी मुलं माझ्या नणंदांनाही आत्याच म्हणतात, म्हणून घोळ नको, इथं सासूबाई लिहिते. सासरे जानेवारी २०१९ मध्ये गेले. मागे सासूबाई, दोन मुलगे, तीन मुली. जमीन साडेचार एकर, म्हणजे एकशे ऐंशी गुंठे. वारस नोंद झाली, सातबाऱ्यावर सहा नावं चढली. वाटा प्रत्येकी तीस गुंठे. तिघी नणंदांचे मिळून नव्वद गुंठे, म्हणजे बरोबर अर्धं रान. हे गणित आमच्या घरात पहिल्यांदा मी केलं, दळणाच्या वहीच्या मागच्या पानावर. ते पान पाहून माझी झोप उडाली होती, हे कबूल करते.

त्या गृहस्थांनी भावांची बाजू मांडली ती सगळीच चुकीची नाही. ठिबकच्या अनुदानाचा अर्ज करा, सामाईक खातेदारांची संमती आणा. सोसायटीचं पीककर्ज घ्यायचं, पुन्हा तेच. एक नणंद साताऱ्यात, एक कोपरखैरण्यात, एक फलटणला. दर वेळी कागद फिरवायचा. विहीर आम्ही १९९८ साली कर्ज काढून खोल केली, ते कर्ज फेडताना नणंदा नव्हत्या. सासऱ्यांना शेवटची दोन वर्षं जागेवर सगळं करावं लागत होतं, ते मी आणि जाऊबाईंनी केलं. आणि मग सातबाऱ्यावर सहा नावं सारखी. ज्या बाईनं सासऱ्याचं अंथरूण धुतलं तिचं नाव त्यात कुठंच नाही, हेही बघा. सुनेला सासऱ्याच्या जमिनीत नाव नसतं. नवऱ्याचं नाव असतं, तेवढ्यावर तिनं समाधान मानायचं. त्यामुळे वाटणीच्या वेळी भावजय कडू होते ती उगाच होत नाही. तिला बोलायला जागा नसते म्हणून ती चुलीपाशी बोलते, आणि मग म्हणायचं, कान भरले.

मी मात्र चुलीपाशी बोलले नाही. वर्षश्राद्धाला, जानेवारी २०२० मध्ये, सगळे जमले होते. जेवणं झाली, भाऊजींनी, म्हणजे माझ्या दिरानं, हक्कसोडाचा विषय काढला. थोरल्या वन्सं म्हणाल्या, सांगा त्या दिवशी येते. धाकट्या गप्प. मधल्या वन्सं म्हणाल्या, "दादा, मला थोडा विचार करू दे." एवढंच. त्यांचे मालक वाशी मार्केटला माथाडी होते, पाठीचं दुखणं होऊन घरी बसलेले. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तरी मी ताटं उचलता उचलता बोलले, "गौरीला यायचं, साडी घ्यायची, दिवाळीला ओवाळणी घ्यायची, वर हिस्सा पण?" आवाज मोठा होता. गिरणीवाल्या बाईला हळू बोलता येत नाही.

मधल्या वन्सं उठल्या, हात धुतले, पिशवी भरली. जाताना मला म्हणाल्या, "वहिनी, साडी तुम्हीच निवडत होता. छान निवडत होता." संध्याकाळच्या गाडीनं गेल्या.

आमच्याकडे गौर माहेरवाशीण आणते. तेरड्याची रोपं तांब्यात घालून विहिरीवरून घरात आणायची, उंबऱ्यावर तिच्या पायावर दूध-पाणी घालायचं, मग घरभर फिरवून विचारायचं, गौरी गौरी कशाच्या पावलांनी आलीस? तीस वर्षं आमची गौर मधल्या वन्संनी आणली. थोरल्यांना स्वतःच्या घरच्या गौरी सोडून येता येत नव्हतं, धाकटीचंही तेच. २०२० साली कोरोनाचं निमित्त होतं, चाललं. २०२१ ला त्यांनी फोनवर सांगितलं, जमणार नाही. २०२२ ला मी फोनच केला नाही. तीनही वर्षं गौर माझ्या लेकीनं आणली. घरात आमच्या सासूबाई भिंतीला टेकून बसलेल्या. त्यांना मोतीबिंदूमुळे तेव्हा धड दिसत नव्हतं. लेक आत आली की दर वर्षी त्या मधल्या वन्संचं नाव घेऊन विचारायच्या, आलीस का गं? दर वर्षी मी सांगायची, आत्या, ती नाही, तुमची नात आहे. "असं व्हय," म्हणायच्या.

माझ्या लेकीनं नर्सिंग केलंय. २०२२ च्या दिवाळीनंतर तिला नवी मुंबईत नोकरी लागली. राहायची सोय होईना. मी इकडे तिकडे फोन करत होते आणि तिनं मला न विचारता मधल्या आत्याला फोन केला. आत्यानं तिला पाच महिने ठेवून घेतलं. एक खोली, वर पोटमाळा. दुखणाईत माणूस घरात, आत्या स्वतः दोन घरी स्वयंपाकाला जायच्या. पोरीला रात्रपाळी असली की डबा तयार. भाडं घेतलं नाही, किराण्याचे पैसे पोरीनं जबरदस्तीनं दिले ते घेतले. आणि पाच महिन्यांत जमिनीचा 'ज' काढला नाही. हे मी पोरीला उलटसुलट विचारून खात्री करून घेतलं. कशी बाई आहे मी बघा, तेव्हाही मला तीच काळजी.

पोरगी सुट्टीला आली होती. मी गिरणीचा पट्टा चढवत होते. तिनं विचारलं, "आई, आत्याचा वाटा किती गं?" म्हटलं, तीस गुंठे. "आणि माझा?" मी पट्टा चढवत राहिले. तिला एक भाऊ आहे. अजून मी तिला उत्तर दिलेलं नाही. पण त्या रात्री मी ह्यांना बसवलं, दळणाच्या वहीचं ते मागचं पान काढलं, आणि त्यासोबत २०२० ची ती बातमी. तिची घडी पिवळी पडली होती. ह्यांनी वाचली आणि विचारलं, "हे तुझ्याकडे कधीपासून आहे?"

ते २०२३ साल होतं. त्या वर्षी आल्याला गाडीमागे कधी नव्हे तो भाव मिळाला. (पाचशे किलोची एक गाडी, आमच्याकडे आलं असंच मोजतात.) हातात पैसा असला की माणूस न्यायानं वागायला थोडा तयार होतो, हे काही चांगलं नाही, पण आमच्या बाबतीत तसंच झालं. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, भाऊबीजेला, तिघींना बोलावलं. मधल्या वन्संना आणायला हे स्वतः कोपरखैरण्याला गेले. काय बोलले ते मला माहीत नाही. दोघंही सांगत नाहीत.

बैठक ओसरीवर झाली. मी ह्या वेळी ताटं उचलत नव्हते, सतरंजीवर बसले होते आणि जाऊबाईंनाही ओढून बसवलं. ठरलं ते असं. नावं सातबाऱ्यावर आहेत तशी राहतील. रान दोघे भाऊ करतील. प्रत्येक बहिणीला तिच्या तीस गुंठ्यांचा वर्षाला पंधरा हजार खंड, म्हणजे रान कसण्याचं भाडं, भाऊबीजेच्या आत. विहिरीचा, लाइट बिलाचा खर्च त्यातून कापायचा नाही. संमतीपत्र लागेल तेव्हा बहिणी सही करून कुरिअर करतील. कुणाला पुढे विकायचं झालं तर आधी भावांना विचारायचं. वर्षातून दोनदा पंधरा-पंधरा दिवस कुणीतरी एक बहीण येऊन आईपाशी राहील. हे शेवटचं कलम माझं. ते मान्य झाल्यावर मला रडू आलं. लग्नानंतर बत्तीस वर्षांत गिरणी आणि घर सोडून सलग पंधरा दिवस मी कुठं गेले नव्हते.

थोरल्या वन्सं म्हणाल्या, माझे पंधरा हजार आईच्या औषधाला लावा. धाकटीला पैसे नकोतच, ज्वारी आणि गहू हवेत, तेही दळून हवेत, असं तिनं ठामपणे लिहून घेतलं. मधल्या वन्संनी खंड घेतला. त्यांना त्याची गरज होती आणि त्यांनी ती लपवली नाही. मला ते आवडलं.

सगळं लिहून वाचून दाखवल्यावर कोपऱ्यातून आवाज आला, "सहा वाटे म्हनता. पाचच वाचले. माझा कुठं गेला?" सासूबाई. त्यांचंही नाव सातबाऱ्यावर आहे, त्यांचेही तीस गुंठे, हे साल २०१९ पासून आम्हाला कुणाला त्यांच्याशी बोलावंसं वाटलं नव्हतं. कागद पुन्हा लिहिला. सासूबाईंना आता महिन्याला दीड हजार हातात मिळतात. त्यातले बहुतेक नातवंडांवर जातात, थोडे मिश्रीवर. पहिल्या महिन्यात त्यांनी मला पन्नास रुपये दिले होते. म्हणाल्या, "राहू दे तुला, कुनाला सांगू नको."

तुमच्या पत्रलेखकांना वाटेल की झालं गोड. तसं नाही. पुढच्याच हंगामात आल्याचा भाव उतरला, त्यात भाऊजींच्या प्लॉटला कंदकुज लागली, आणि त्यांचा सूर बदलला. खंडाचा त्यांचा अर्धा भाग तेव्हापासून उशिरा येतो आणि पूर्ण येत नाही. उरलेला हे भरतात. भाऊजींचं म्हणणं, सगळं तुझ्या बायकोमुळे झालं. त्यात ते चूक नाहीत. जाऊबाई माझ्याशी बोलतात, पण तुटक. त्यांचं दळण दोन वर्षं झाली, खालच्या आळीच्या गिरणीत जातं. दारावरून डबा घेऊन जातात. पीठ तिथं जाड येतं, हे सगळ्या गावाला माहीत आहे. तरीही जातात. मला त्यांचा राग येत नाही. त्यांच्या माहेरी त्यांनी २०११ साली सही केली आहे. त्यांना कुणी काही दिलेलं नाही, आणि इथं मात्र द्यायला लावलं. माझ्या भावानंही मला अजून काही दिलेलं नाही. ह्या सगळ्यानंतर एकदा मी त्याला फोन करून विचारलं की ते एक एकर कितीला गेलं. तो म्हणाला, "आता कशाला ते?" मी म्हटलं, सहज. गेल्या दिवाळीला ओवाळायला गेले होते. वहिनीनं विचारलं नाही, सरळ चहा ठेवला.

संपादकसाहेब, माझी विनंती एवढीच. हा विषय तुम्ही पुन्हा घ्याल तेव्हा वकिलांना बोलवाच, पण भावजयांनाही बोलवा, आणि त्यांना दोनदा विचारा, एकदा सासरबद्दल, एकदा माहेरबद्दल. दुसरं म्हणजे हक्कसोडपत्र ही काय चीज आहे ते एकदा सोप्या शब्दांत छापा. ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवलं जातं, आणि नुसतं मन बदललं म्हणून मागे घेता येत नाही. फसवणूक झाली म्हणायचं तर कोर्टात जाऊन सिद्ध करावी लागते. नावापुरती सही असा प्रकार त्यात नसतो. आमच्या गिरणीत रोज पाच-पन्नास बायका येतात, त्यांतल्या निम्म्यांनी ते केलेलं आहे आणि एकीनंही आधी वाचलेलं नव्हतं. मीही त्यातलीच. तुम्ही छापलंत तर ते कात्रण मी गिरणीत वजनकाट्याच्या वर चिकटवीन.

नाव छापू नये. तालुका छापलात तरी चालेल, इथं गिरण्या पुष्कळ आहेत. आमच्या जाऊबाईंकडे तुमचाच पेपर येतो, आणि त्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळा वाचतात. पीठ जाड आल्याचं मी लिहिलंय ते त्यांना पटेल. बाकीचं वाचून काय करतील ते डब्यावरून कळेलच.

आपली,
एक गिरणीवाली
ता. कोरेगाव, जि. सातारा